सेकंदाला २०० फेरे!

पेट्रोलवरची जुनी लूना पाहिली आहे का? तिचं इंजिन ५० सीसीचं, टू-स्ट्रोक. लाकूड कापायच्या मोटर-करवतीचं इंजिनही बऱ्याचदा साधारण तेवढंच! पण ते मिनिटाला १२,००० च्या आसपास फेरे घेतं. सेकंदाला किती? करा गणित. बरोबर, २००!

अमेरिका-युरोपात लाकूड कापायच्या शर्यती होतात. त्यातल्या ‘हॉट सॉ’ प्रकारात ओंडक्याच्या तीन चकत्या पाडायच्या. त्यासाठी काही जण करवतीला चक्क बर्फगाडीचं इंजिन बसवतात! इतर हौशी मंडळी आहे तेच इंजिन खोलतात. पिस्टनच्या रिंगा बदलतात, सिलिंडरमधली भोकं घासून रुंद करतात, सायलेन्सर मोकळा करतात. जळका वायू झटकन बाहेर, ताजं मिश्रण झटकन आत. ताकद वाढते.

पण थांबा! या इंजिनाचं ऑइल पेट्रोलमध्येच मिसळलेलं असतं, बऱ्याचदा ५० भागांत १ भाग. सायलेन्सर मोकळा केला, की हवेच्या मानानं पेट्रोल कमी पडतं. पेट्रोल कमी म्हणजे ऑइलही कमी! मग इंजिन तापतं, पिस्टन सिलिंडरला घासतो आणि जाम होतो. म्हणून कार्बोरेटरचा स्क्रू पुन्हा जुळवावाच लागतो. एक गोष्ट बदलली, की दुसरी तपासायचीच.

करवत मात्र मोठ्यांच्याच हाती हं! तुम्ही गॅरेजवाल्या काकांकडे खोललेलं टू-स्ट्रोक इंजिन बघा. पिस्टन वर-खाली होताना कुठलं भोक कधी उघडतं, सांगा पाहू?