पडदा काळा, यंत्र जिवंत

बर दुबईत खालिद बिन अल वलीद रस्त्यावरून, म्हणजे आपल्या कॉम्प्युटर स्ट्रीटवरून, आणलेल्या वर्कस्टेशनवर एका मित्राने लिनक्स बसवले. आजोबांचे जुने फोटो त्यात घातले, अपडेट घेतले, आणि लॉगिनचा पडदाच गायब! वहिनी म्हणाल्या, "फॉरमॅट करून टाका." आम्ही म्हटले, थांबा, फोटो जातील! कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकदम दाबताच साध्या अक्षरांत 'लॉगिन' उमटले. म्हणजे यंत्र ठणठणीत. फक्त चित्रमय पडदा आणणारा डिस्प्ले मॅनेजर उठत नव्हता. ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर नव्या कर्नलशी जुळत नव्हता. तो पुन्हा बसवला, पडदा आला. तेव्हा वाचकहो, आधी मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डालाच जोडली आहे ना ते पाहा, मग ही तीन बटणे. फॉरमॅट अगदी शेवटी, तेही फोटोंची प्रत काढून!