‘राजकारण करू नका’ म्हणताना

‘या विषयाचे राजकारण करू नका,’ हे वाक्य पाणीटंचाईपासून दंगलीपर्यंत सर्वत्र ऐकू येते. खरे तर राजकारण म्हणजे राज्याचा कारभार. त्यात वाईट काय?

कसबा बावड्यात १८७४ साली जन्मलेल्या शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी करवीर संस्थानात रिकाम्या होणाऱ्या निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखल्या. १९०६ साली त्यांच्याच पुढाकाराने मुस्लिम बोर्डिंग उभे राहिले. हेही राजकारणच होते. त्यातून मुले शिकली.

७ जून २०२३ रोजी याच कोल्हापुरात काहींच्या मोबाइल स्टेटसवरून बंद, दगडफेक, लाठीमार झाला. इंटरनेट बंद पडले. ज्यांनी स्टेटस ठेवले, त्यांचा हिशेब कायद्याने घ्यायचा होता. जाब मात्र साऱ्या समाजाला विचारला गेला. याला म्हणतात राजकीय रंग देणे. पण फुटलेल्या काचेची भरपाई मागणाऱ्यालाही ‘राजकारण नको’ म्हटले, तर तो शब्द तोंड बंद करणारे कुलूप ठरतो.

रमजानमध्ये रोजाआधी नियत करावी लागते. नियत नसेल तर दिवसभराची भूक ही फक्त उपासमार. राजकारणाचेही तसेच. इफ्तारला टोपी घालून फोटो काढणारा आणि इफ्तारवर टीका करून मते मागणारा, दोघांनाही एकच विचारावे : यातून मोहल्ल्याला आणि शेजारच्या गल्लीला काय मिळाले? उत्तर मिळाले तर राजकारण जरूर करा.