थर चढण्याचे मोल, उतरण्याचे काय?

दहीहंडीच्या मानवी मनोऱ्याचे कौतुक थरांच्या संख्येवरून होते. २०१२ मध्ये ठाण्यात नऊ थर ४३.७९ फुटांवर पोचले आणि त्याची जागतिक विक्रम म्हणून नोंद झाली. त्यानंतर चढाओढ वाढतच गेली. स्पर्धा मुळात वाईट नव्हे. परंतु ज्या गोष्टीला बक्षीस, तीच गोष्ट वाढीस लागते, हा अर्थव्यवहाराचा साधा नियम येथेही लागू पडतो. उंचीला मोल आहे, सुखरूप उतरण्याला नाही. सलामी देऊन झाल्यावर मनोरा कोसळला, तरी आयोजकाचे काही बिघडत नाही. हातपाय मोडतात ते गोविंदांचे. त्यातही वरून पडणाऱ्यांचा भार खालच्या थरांवर येतो, हे सहसा कोणी ध्यानात घेत नाही.

उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये वीस फुटांची मर्यादा घातली. २०१७ मध्ये ती उठली आणि चौदा वर्षांखालील मुलांवरील बंदी तेवढी उरली. २०२२ मध्ये शासनाने या खेळास साहसी खेळाचा दर्जा जाहीर केला आणि मृत्यू झाल्यास दहा लाखांचे साहाय्य देऊ केले. हे योग्यच झाले. पण भरपाई पडल्यानंतरची असते, शिक्षण पडण्यापूर्वीचे.

स्पेनमधील कातालोनियातही मानवी मनोऱ्यांची परंपरा आहे. २०१० मध्ये युनेस्कोने तिला सांस्कृतिक वारसा म्हणून मान्यता दिली. तेथे मनोरा नुसता उभा राहिल्याने पूर्ण यश मानले जात नाही. तो क्रमाने उतरवला गेला, तरच पूर्ण गुण मिळतात. २००६ मधील एका बालिकेच्या मृत्यूनंतर वर चढणाऱ्या मुलांच्या डोक्यावर शिरस्त्राणही आले.

आपल्याकडे सराव बहुधा गुरुपौर्णिमेपासून, म्हणजे जेमतेम दीड महिना चालतो. पाया भक्कम करणे, एकेक थर पक्का झाल्यावाचून पुढचा न चढवणे, तोल गेल्यास अंग कसे सोडावे हे गादीवर शिकणे, ही वर्षभराची साधना आहे. तिला पैसा लागतो. तेव्हा बक्षिसाचा काही भाग गाद्या, दोर व प्रशिक्षक यांसाठी राखून ठेवावा, आणि उरलेला मनोरा सुखरूप उतरल्यावरच द्यावा. एवढा एक नियम आयोजकांनी स्वीकारला, तर पथकांची दृष्टी आपोआप बदलेल. चढणाऱ्याचे धाडस सर्वांना दिसते. उतरवण्याची जबाबदारी मात्र पैसा देणाऱ्यानेही उचलली पाहिजे.