फाइलमधली पुडी

गेल्या आठवड्यात अक्कांकडे, म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाईंकडे गेले होते. चार वर्षं झाली, त्यांना मूत्रपिंडाचा विकार आहे. डायलिसिसची वेळ अजून आलेली नाही, पण हिमोग्लोबिन नऊच्या आसपास आणि चार पायऱ्या चढल्या की धाप. रिपोर्ट बघायला फाइल उघडली तर आतून कागदाची पुडी पडली. राखाडी चूर्ण. "किडनी साफ करतं म्हणे," अक्का म्हणाल्या. "डॉक्टरांना सांगितलंत का?" असं विचारलं, तर "त्यांना कशाला? रागावतात ते!"

घोडं पेंड खातं ते इथेच.

मूत्रपिंड बिघडलं की रक्त कमी होतं, हे आता पुष्कळांना ठाऊक आहे. पण या रुग्णांत लोहही बरेचदा कमी असतं आणि "बीट खा, पालक खा" म्हणून आपण तो विषय संपवतो. मला वाटतं ही मोठी चूक आहे. शरीरातला लोहाचा साठा आटला की लोह ओढून घ्यायला आतडं जादा दारं उघडतं. त्या दारांना आपपर कळत नाही. लोहाच्या जोडीने कॅडमियम आत शिरतं, शिसंही जास्त शोषलं जातं. यातलं कॅडमियम नेमकं मूत्रपिंडातच साठतं आणि वर्षानुवर्षं तिथून हलत नाही. दुष्काळात तेरावा महिना, दुसरं काय!

जपानमधल्या तोयामा भागात खाणीतलं कॅडमियम जिंझू नदीतून भातशेतीत उतरलं. लोकांची मूत्रपिंडं बिघडली, हाडं ठिसूळ झाली. आजाराचं नावच पडलं 'इताई-इताई', म्हणजे 'दुखतंय, दुखतंय'. प्रदूषणामुळे झालेला आजार म्हणून तिथल्या सरकारने 1968 साली तो मान्य केला. रोगी बहुतेक उतारवयातल्या, लेकुरवाळ्या बायका होत्या. बायकांच्या अंगात लोह कमी, हे त्याचं एक कारण मानलं जातं.

जपान लांब राहिलं, आपली मिश्री तर घरातच आहे. तंबाखूचं झाड जमिनीतलं कॅडमियम भरपूर शोषून घेतं. आणि पुडीचं म्हणाल तर 2004 साली अमेरिकेतल्या बोस्टन परिसरातल्या दुकानांत मिळणारी दक्षिण आशियाई बनावटीची 70 आयुर्वेदिक औषधं तपासली गेली. त्यातल्या 14 मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. माझा आयुर्वेदावर राग नाही. पण जिच्यावर ना नाव, ना घटक, ती पुडी आयुर्वेद कशावरून?

म्हणून घरात असा रुग्ण असेल तर नुसत्या हिमोग्लोबिनवर थांबू नका. फेरिटिन आणि ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन या दोन्ही तपासण्यांबद्दल विचारा. अंगात दाह असला तर एकटं फेरिटिन फसवं वाढलेलं दिसतं. लोहाच्या गोळ्या मात्र मनाने सुरू करू नका. गोळी की इंजेक्शन, ते डॉक्टर ठरवतील.

आणि डॉक्टरमंडळींनाही एक विनंती. "आणखी काय काय घेता?" हे न रागावता विचारा हो. चाळीस मुलांच्या वर्गात मी एक शिकले, रागावलं की मूल चूक सोडत नाही, लपवायला शिकतं.

असो. काल अक्का पुडी पर्समध्ये घालून डॉक्टरांकडे गेल्या. शिशाची आणि लोहाची तपासणी करायला दिली आहे. रिपोर्ट सोमवारी येईल.