तक्त्यातला तिसरा रकाना

सुटीला निघताना आपल्या प्रत्येकाच्या हातात एक तक्ता ठेवला जातो. तारखेपुढे दोन रकाने, किलोमीटर आणि मिनिटे. खाली पालकांची सही. गेल्या दिवाळीच्या सुटीत मी या तक्त्यात एकूण 84 किलोमीटर लिहिले. त्यांतले 9 किलोमीटर मी खरोखर पळालो होतो. उरलेले 75 मी सुटीच्या शेवटच्या संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर पळालो, तेही तीन वेगवेगळ्या पेनांनी. आईने घाईत सही केली. पूर्ण भरलेल्या तक्त्यांबद्दल आमच्या हाउसला पाच गुण मिळाले आणि माझ्या पाठीवर थाप पडली.

हे मी हाउसमास्टर सरांना जूनमध्ये परत आल्यावर सांगितले. पाच गुण गेले. चार दिवस मेसमध्ये माझ्या टेबलावर कोणी माझ्याशी बोलले नाही. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण ज्या तक्त्यात इतके सहज खोटे बोलता येते त्या तक्त्याबद्दल मला थोडे बोलायचे आहे.

बाबांची बदली दोन वर्षांपूर्वी गुम्मिडिपूंडीला झाली. हे गाव चेन्नईच्या उत्तरेला, लोकलने तासा-दीड तासावर आहे. पुढे थोड्याच अंतरावर तमिळनाडू संपून आंध्र सुरू होतो. एका बाजूला औद्योगिक वसाहत, मधून रेल्वे आणि राष्ट्रीय महामार्ग 16, त्यावर दिवसरात्र ट्रक. दिवाळीत तिथे ईशान्य मोसमी पाऊस असतो. "इथे पळायला जागाच नाही," असे मी आईला सांगितले होते, आणि ते मला स्वतःला पटलेही होते. शाळेत आपल्याला टेकडी आहे, पायवाट आहे, मागून ओरडणारे उस्ताद आहेत. इथे सपाट जमीन, चिकट हवा आणि भाषा न येणारा मी.

मे महिन्यात पुन्हा घरी गेलो तेव्हा दिवाळीचे 75 किलोमीटर मनात टोचत होते. पहाटे पाचला निघालो. तमिळनाडूत मेमधल्या कडक उन्हाच्या दिवसांना अग्निनक्षत्रम म्हणतात, त्यामुळे साडेसहाच्या आत घरी येणे भागच होते. महामार्ग बाबांनी बंद केला होता (तो नियम योग्यच होता), म्हणून मागच्या वस्त्यांमधून वाट काढली.

पहिल्याच दिवशी मी एका आजींच्या दारातल्या कोलमवरून पळत गेलो. कोलम म्हणजे तिकडची रांगोळी. दार झाडून, सडा टाकून उजाडायच्या आत काढतात. आजी जे बोलल्या त्यातले एक अक्षर मला कळले नाही आणि तरी सगळे कळले. दुसऱ्या दिवसापासून मी रस्त्याच्या मधून पळू लागलो. आठवड्याने त्याच आजींनी हात करून थांबवले, विचारले, "एंगे पोरे, तंबी?" कुठे चाललास रे, धाकल्या? मला सांगता येईना. मी फक्त बोटाने पुढे दाखवले. त्यांनी तांब्याभर पाणी दिले. तण्णी हा माझा पहिला तमिळ शब्द, आणि तो मी पळताना शिकलो.

वस्तीपलीकडे एरी आहे. एरी म्हणजे पावसाचे पाणी अडवून शेतीला देणारा तलाव. तमिळनाडूत असे तलाव गावोगाव आहेत. त्याचा मातीचा बांध म्हणजे पळायला मिळालेली देणगीच. मेमध्ये पाणी मध्यावर हटलेले, कडेला भेगाळलेला चिखल, बगळे. बांधाच्या टोकाला कडुनिंबाखाली मातीचे मोठाले घोडे उभे आहेत. ते अय्यनार देवाचे. रात्री घोड्यावर बसून तो गावाच्या शिवेवर गस्त घालतो अशी श्रद्धा आहे. पहाटेच्या अंधारात ते घोडे पहिल्यांदा दिसले तेव्हा माझा वेग किती वाढला हे घड्याळात नोंदलेले आहे.

या वाटेवर श्रीलंकेतून आलेल्या तमिळ निर्वासितांची छावणीही आहे. ती 1990 पासूनची. म्हणजे तिथल्या माझ्या वयाच्या मुलांचा जन्म इथलाच. त्यातला एक मुलगा तिसऱ्या आठवड्यात माझ्याबरोबर पळू लागला. अनवाणी, आणि माझ्यापेक्षा वेगात. आमचे बोलणे म्हणजे मोडके इंग्रजी आणि बोटांवरचे आकडे. एकदा बांधावर धापा टाकत बसलो असताना त्याने माझ्या टी-शर्टवरचे शाळेचे चिन्ह दाखवून विचारले, या शाळेत कसे जातात? मी प्रवेशपरीक्षेचे सांगितले, फॉर्मचे सांगितले. मग फॉर्मवर राष्ट्रीयत्वाचा रकाना असतो हे आठवले आणि बोलणे अर्धवट सोडून दिले. त्याने पुन्हा विचारले नाही. त्या दिवशी आम्ही 6 किलोमीटर पळालो, 34 मिनिटांत. तक्त्यात एवढेच मावते.

एका रविवारी बाबांनी स्कूटरवर पश्चिमेला नेले, नागलापुरमच्या डोंगरांकडे. गुम्मिडिपूंडीच्या सपाटीला कंटाळलेल्या माझ्या पायांना डोंगराचा पायथा पाहून शाळेची आठवण आली. नागलापुरम आंध्रात आहे. कृष्णदेवरायाने आपल्या आईच्या, नागलादेवीच्या, नावाने वसवलेले हे गाव आणि तिथले वेदनारायणाचे देऊळ. गावाच्या अलीकडून मी सुरुटपळ्ळीच्या दिशेने पळत निघालो. बाबा स्कूटरवर मागे. कडेला आंब्याच्या बागा, मधूनच कोरडी ठणठणीत आरणी नदी. हीच नदी पुढे तमिळनाडूत शिरून पोन्नेरीवरून पुलिकत सरोवराकडे जाते. दुकानांवरच्या पाट्या तेलुगू, आणि पाणी देणाऱ्याने हाक मारली ती 'तंबी' नव्हे, 'बाबू'.

सुरुटपळ्ळीच्या देवळात शंकर आडवा झोपलेला आहे. हलाहल पिऊन ग्लानी आली म्हणून पार्वतीच्या मांडीवर डोके टेकलेला. मेमध्ये सात किलोमीटर पळून गेलात तर ही मूर्ती लगेच समजते.

आणि मे महिनाच का, तर आणखी एक कारण आहे. आपल्या इतिहासाच्या तासाला दक्षिण दिग्विजय पाऊण पानात संपतो. 1677 मध्ये महाराज गोवळकोंड्याहून निघाले, श्रीशैल झाले, तिरुपती आणि काळहस्तीच्या टापूतून उतरून मेमध्ये मद्रासजवळ आले, पुढे जिंजी घेतली. मद्रासच्या इंग्रजांकडे त्यांनी पत्र पाठवून विषावरचे उतारे मागवले होते. हे सगळे मी परीक्षेत लिहिले आहे आणि गुणही मिळवले आहेत. पण फौज मेमध्ये त्या टापूतून गेली, त्यातले हजारो लोक सह्याद्रीतले होते आणि त्यांनाही ही चिकट हवा सोसली नसेल, हे माझ्या लक्षात आले ते शर्ट पिळताना.

आता मुद्दा. माझे म्हणणे असे की तक्त्यात तिसरा रकाना हवा. शीर्षक साधे: काय पाहिले. दोन ओळी पुरेत.

याला पहिला आक्षेप उस्तादांचा असेल आणि तो खरा आहे. शेवटी घड्याळच मोजले जाते. एनडीएच्या जाहिरातीतच उमेदवारांना 2.4 किलोमीटर 15 मिनिटांत पळण्याची तयारी ठेवायला सांगितलेले असते. तिथे बगळे किती दिसले हे कोणी विचारत नाही. मान्य. पण डिसेंबरमध्ये मला तेवढ्याच अंतराला 13 मिनिटे 40 सेकंद लागली होती, जूनमध्ये 11 मिनिटे 50. आकडे लिहिण्यासाठी मी दिवाळीत एकदाही पहाटे उठलो नव्हतो. मेमध्ये उठलो ते आज तो मुलगा बांधावर येईल का हे पाहायला.

दुसरा आक्षेप माझ्या मित्राचा: तिसरा रकानाही खोटा भरता येईल. येईल. मात्र टेबलावर बसून वीस दिवसांची वीस खोटी दृश्ये रचून पाहा. मला तरी ते जमणार नाही, मराठीत मला कायम बेताचेच गुण असतात.

पालकांना काळजी वाटेल ती मुलांनी अनोळखी गावातून पहाटे पळण्याची. महामार्ग नको, अंधार नको, वाट आधी मोठ्यांनी पाहिलेली हवी, हे सगळे हवेच. पण त्यासाठी कॉलनीच्या गेटच्या आत गोल गोल फिरणे हा उपाय नव्हे. बाबांनी पहिले तीन दिवस माझ्या वाटेवर स्कूटर चालवली, मग सोडले.

आणि हे केवळ सुटीपुरते नाही. गेल्या वर्षी आपली सहल सातारा जिल्ह्यातल्या अपशिंग्याला गेली होती. लोक त्याला अपशिंगे मिलिटरी म्हणतात. पहिल्या महायुद्धात या एका गावाचे 46 जवान कामी आले, त्यांचे स्मारक गावात आहे. आपण बसमधून उतरलो, सलामी दिली, फोटो काढला, बसमध्ये बसलो, वडापाव खाल्ला. त्या गावातली एकही गल्ली मला आठवत नाही. बस तीन किलोमीटर अलीकडे थांबवून आपल्याला पळत नेले असते, तर ज्या रस्त्याने ते भरतीला गेले तो रस्ता तरी पायाखालून गेला असता. पुढच्या सहलीला तसे करावे, अशी माझी विनंती आहे. वेळ लागेल, पण आपण एरवीही त्या वेळेत बसमध्ये गाणीच म्हणतो.

हाउसमास्टर सरांनी मला या दिवाळीपुरती परवानगी दिली आहे. तक्त्यावर पट्टी ठेवून मी तिसरा रकाना आखून घेतला आहे. दिवाळीत तिकडे पाऊस असणार, एरी भरलेली असणार आणि बांध निसरडा. तो मुलगा अनवाणी पळतो म्हणून माझे मागच्या वर्षीचे बूट बरोबर नेतो आहे. त्याच्या पायाचे माप मी विचारलेले नाही, पण वाळूतले ठसे शेजारी शेजारी पाहिले होते. एक नंबर इकडे तिकडे असेल.