कोयनेची वीज कोणाची?

पाटण तालुक्यात कोयना अडवून जो विशाल जलाशय निर्माण झाला, त्याच्या पाण्याचा मोठा हिस्सा कऱ्हाडकडे वाहत येत नाही. सह्याद्रीच्या पोटातील बोगद्यांतून तो पश्चिमेस पोफळीकडे कोसळतो आणि त्यावर वीज निर्माण होते. कृष्णा पाणीतंटा लवादाने त्यासाठी दरवर्षी ६७.५ अब्ज घनफूट पाणी पश्चिमेकडे वळविण्यास मान्यता दिली. पहिले जनित्र १९६२ साली फिरू लागले, आणि सर्व टप्पे मिळून प्रकल्पाची क्षमता आज सुमारे १,९६० मेगावॉट आहे. महाराष्ट्राच्या उद्योगांना ज्या विजेने उभे केले, तिचा उगम सातारा जिल्ह्यात आहे.

हे धरण बांधले कोणी? विसाव्या शतकाच्या आरंभी टाटांनी कोयनेच्या खोऱ्याची पाहणी केली होती. परंतु पहिल्या महायुद्धानंतरच्या आर्थिक मंदीत ती योजना बासनात गेली. यात कोणाला दूषण देण्याचे कारण नाही. ज्या गुंतवणुकीचे फळ दहा-पंधरा वर्षांनी हाती येणार आणि तेही एका भागधारकाला नव्हे तर सबंध प्रांताला मिळणार, ती गुंतवणूक खाजगी भांडवल सहसा करीत नाही. तो त्याचा स्वभावधर्मच होय. अखेर १९५४ नंतर हे काम सरकारी पैशाने सुरू झाले. मागासलेल्या देशात पायाभूत उद्योग समाजाने उभारावे लागतात, हे समाजवादी कोणत्या पोथीतून सांगत नाहीत. कोयनेचा हा इतिहासच ते सांगतो.

पोलादाची कहाणी याहून निराळी नाही. १९५६ साली सुरू झालेल्या दुसऱ्या पंचवार्षिक योजनेने अवजड उद्योगांवर भर दिला, तेव्हा गरीब देशाला पोलादाची चैन कशाला, असे विचारणारे पुष्कळ होते. बोकारोचा कारखाना सार्वजनिक मालकीचा राहणार म्हणून अमेरिकेत त्याला कडवा विरोध झाला आणि १९६३ साली ती मदत बारगळली. अखेर तो सोव्हिएत साहाय्याने उभा राहिला. सांगलीच्या किंवा रेठऱ्याच्या शेतकऱ्याने विचारावे की, याचा माझ्याशी संबंध काय? संबंध असा की, उसाचा चरक, बॉयलर आणि पंप हे सारे लोखंडाचेच असतात. ही यंत्रे देशात घडू लागली नसती, तर प्रत्येक नव्या सहकारी कारखान्यासाठी परकीय चलनाची भीक मागावी लागली असती. भिलाईची भट्टी आणि वाळव्याचे उसाचे शिवार ही एकाच साखळीची दोन टोके आहेत.

येथील माणसाला यंत्र जमणार नाही, हा आक्षेप तर आपल्या दोन जिल्ह्यांनी फार पूर्वीच खोडून काढला आहे. १९१० साली औंध संस्थानातील एका ओसाड माळावर किर्लोस्करवाडी वसली; लोखंडी नांगर तेथे घडले आणि आसपासच्या खेड्यांतील पोरे कुशल कारागीर झाली. कऱ्हाडजवळ ओगलेवाडीत तयार झालेले प्रभाकर कंदील घरोघरी पोहोचले. औंधच्या अधिपतींनी दिलेला आश्रय आणि स्वदेशीच्या भावनेने निर्माण केलेली बाजारपेठ, या दोहोंवाचून ती रोपे जगली नसती. नवजात उद्योगाला समाजाचे छत्र लागते. ते छत्र नसेल, तर बलाढ्य परदेशी माल त्याला पाळण्यातच मारतो.

दक्षिण कोरियाचा दाखला देऊन आम्हांला मुक्त बाजारपेठेची महती सांगितली जाते. परंतु त्याच कोरियाने १९६८ साली आपला पोलाद उद्योग सरकारी मालकीत उभारला, तोही जागतिक बँकेचा प्रतिकूल अभिप्राय झुगारून. त्याआधी तेथे जमिनीचे फेरवाटप झाले होते. दाखला देणाऱ्यांनी तो अर्धाच का द्यावा?

तथापि येथे थांबणे हा आत्मवंचनेचा प्रकार ठरेल. कोयनेने महाराष्ट्राला प्रकाश दिला. पण ज्यांची घरे आणि शिवारे पाण्याखाली गेली, त्यांच्या वाट्याला काय आले? साठ वर्षे उलटल्यावरही, तिसऱ्या पिढीला पुनर्वसनासाठी धरणे धरावी लागली आहेत. वीज मुंबईला गेली आणि तिच्या पाठोपाठ घाटावरचा तरुणही गिरणीत गेला. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लक्ष गिरणी कामगार उतरले, तेव्हा त्यांत सातारा-सांगलीची असंख्य घरे होती. आणि गिरण्या संपल्या तेव्हा त्यांच्या जमिनींवर मनोरे उभे राहिले, कामगार मात्र गावी परतला. खानापूर-आटपाडीचा तरुण आजही सोन्याच्या गलाईसाठी देशभर पांगलेला आहे. सार्वजनिक मालकी होती. पण जनतेचा अधिकार नव्हता. सरकारची मालकी म्हणजे समाजवाद, ही समजूत आम्ही सोडली पाहिजे. जिथे निर्णय साहेबाचा आणि त्याग खेडुताचा, तिथे फक्त मालकाचे नाव बदलते. सहकारातही संचालकांची घराणी तयार झाली आणि सभासद अंगठ्यापुरता उरला, हे कोणी नाकारू नये.

अधिकार लोकांनी चालवावा कसा, याचा धडाही याच मातीत आहे. नाना पाटलांच्या प्रतिसरकारने १९४३ ते १९४६ या काळात कुंडलसारख्या गावांतून न्यायनिवाडे केले आणि सावकारीला पायबंद घातला. पुढे १९८० च्या दशकात खानापूर तालुक्यात दुष्काळग्रस्तांनी येरळेवर बळीराजा धरण बांधले. नदीतील वाळू विकून त्यासाठी पैसा उभा केला आणि भूमिहीनांसह सर्वांना पाण्यात समान वाटा असावा, हे तत्त्व स्वीकारले. योजना आखणारे आणि योजनेचे फळ घेणारे तेथे एकच होते.

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. कोयनेच्या उत्पन्नातील ठराविक हिस्सा प्रथम विस्थापितांच्या जमिनी, पाणी आणि उद्योगांसाठी राखून ठेवला पाहिजे. सार्वजनिक उद्योगांच्या संचालक मंडळांवर कामगारांचे आणि बाधित गावांचे निवडून आलेले प्रतिनिधी असले पाहिजेत. जत, आटपाडी, माण, खटाव या तालुक्यांत ऊस नव्हे, तर यंत्रभाग, कापड आणि अन्नप्रक्रिया यांचे कारखाने कामगारांच्या सहकारी मालकीत उभारण्यासाठी सरकारी पतपुरवठा मिळाला पाहिजे. अन्यथा पोफळीचे यंत्र फिरत राहील, आणि धरणाखाली बुडालेल्या गावांचे वारस मोर्चाच्या रांगेत उभे राहतील. राष्ट्राची संपत्ती वाढली, असे तेव्हा म्हणता येईल. राष्ट्र वाढले, असे मात्र म्हणता येणार नाही.