दुसऱ्या मुलाची वाट आणि दत्तकाची रांग

ज्या जोडप्याला एक मूल आहे, त्याला दुसऱ्या मुलासाठी सरोगसीचा आधार घेता येत नाही. २०२१च्या सरोगसी नियमन कायद्याने तशी अटच घातली आहे. आधीचे हयात मूल नसावे, मग ते पोटचे असो, दत्तक असो वा सरोगसीतून झालेले असो. ते मूल अपंग असेल किंवा बरा न होणाऱ्या जीवघेण्या आजाराने ग्रासलेले असेल, तरच सूट मिळते. ही अट योग्य आहे का, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला आहे. सरोगसीची खरोखर गरज असणारी जोडपी थोडीच असल्याने निकाल काहीही लागला तरी त्याचा परिणाम मोजक्या घरांवर होईल. पण या वादामुळे एरवी कोणी फारसे न बोलणारे एक दुखणे चर्चेत आले. त्याचे नाव दुय्यम वंध्यत्व.

एकदा गर्भधारणा झालेली असते. पुढे एक वर्षभर नियमित संबंध ठेवून, कोणतेही गर्भनिरोधक न वापरता पुन्हा दिवस राहत नाहीत. याला दुय्यम वंध्यत्व म्हणतात. स्त्रीचे वय ३५च्या पुढे असेल तर एक वर्ष थांबायचे नाही, सहा महिन्यांनीच तपासण्या सुरू करायच्या. हा प्रकार दुर्मीळ आहे, असा बहुतेकांचा समज असतो. प्रत्यक्षात २०१० सालासाठी केलेल्या एका जागतिक विश्लेषणात, पाच वर्षे प्रयत्न करूनही जिवंत मूल झाले नाही हा निकष लावल्यावर, २० ते ४४ वयाच्या स्त्रियांमध्ये पहिले मूलच न होण्याचे प्रमाण १.९ टक्के आढळले, तर आधी मूल असून पुढचे न होण्याचे प्रमाण १०.५ टक्के होते. म्हणजे वंध्यत्वाचा मोठा वाटा ज्यांच्या घरात आधीच पाळणा हलला आहे, त्यांचाच आहे.

असे असूनही ही जोडपी डॉक्टरांकडे उशिरा पोहोचतात. पहिले मूल वर्षभरात झाले, तेव्हा दुसरेही होईलच असे त्यांनी धरलेले असते. सासूबाई, शेजारी, कधी कधी डॉक्टरसुद्धा ‘एक आहे ना, मग कशाला काळजी?’ असे म्हणतात. पहिल्या मुलाची शाळा, घराचे हप्ते, नोकरीतली बदली यांत तीन-चार वर्षे निघून जातात. पहिले मूल तिशीत झालेल्या स्त्रीने दुसऱ्याचा विचार सुरू केला, तेव्हा ती ३५-३६ची असते आणि तपासणीच्या खोलीत येते तेव्हा ३८ची.

या वयाला महत्त्व आहे. स्त्रीची बीजे जन्मतःच ठरलेल्या संख्येत असतात, नवी तयार होत नाहीत. पस्तिशीनंतर त्यांची संख्या झपाट्याने घटते आणि उरलेल्यांत गुणसूत्रांचे दोष असण्याची शक्यता वाढते. त्यामुळे दिवस राहणे अवघड होते, राहिलेले दिवस टिकणेही अवघड होते. पहिल्या बाळंतपणाचा अनुभव यावर कोणतेही संरक्षण देत नाही. आयव्हीएफसुद्धा बीजाचे वय मागे नेऊ शकत नाही. चाळिशीनंतर स्वतःच्या बीजावर यश मिळण्याचे प्रमाण बरेच खाली येते आणि त्रेचाळीस-चव्वेचाळीसनंतर तर फारच थोड्या जणींना मूल होते. जाहिरातींच्या फलकांवर हे लिहिलेले नसते.

वयाखेरीज काही कारणे पहिल्या बाळंतपणातच दडलेली असतात. प्रसूतीनंतर किंवा गर्भपातानंतर झालेला जंतुसंसर्ग गर्भनलिका बंद करू शकतो. दोन मुलांच्या मध्ये दिवस राहिले, म्हणून औषधाच्या दुकानातून गोळ्या आणून घरीच घेतल्या, गर्भपात अर्धवट राहिला आणि संसर्ग झाला, अशी हकीकत विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही. (डॉक्टरांच्या देखरेखीखाली, नीट पूर्ण झालेल्या गर्भपाताने पुढे मूल होण्यात अडचण येत नाही, हेही सांगितले पाहिजे.) पिशवी खरवडल्यावर आतल्या भिंती एकमेकींना चिकटून पाळी अगदी कमी होणे, हे आणखी एक कारण. सिझेरियनच्या जागी पिशवीच्या भिंतीत खळगा राहिला तर काही स्त्रियांना पाळीनंतरही थोडे थोडे रक्त जात राहते आणि गर्भ रुजण्यात अडथळा येऊ शकतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१५-१६च्या फेरीत देशातली १७.२ टक्के बाळंतपणे सिझेरियनने झाली होती, २०१९-२१च्या फेरीत ती २१.५ टक्क्यांवर गेली. त्यामुळे या खळग्याकडे आता जास्त लक्ष द्यावे लागणार. आपल्याकडे जननमार्गाचा क्षयही विसरून चालत नाही. त्यात ना खोकला असतो, ना ताप. गर्भनलिका मात्र कायमच्या निकामी होतात.

आणि पुरुष. ‘एक मूल झालंय, म्हणजे माझ्यात दोष नाही,’ हे वाक्य दुय्यम वंध्यत्वात जितके वेळ खाते तितके दुसरे काही खात नसेल. साधारण निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडच्या कारणाचा काही ना काही वाटा असतो. मधल्या काळात मधुमेह सुरू झालेला असतो, वजन वाढलेले असते, तंबाखू सुटलेली नसते. वृषणाजवळच्या शिरा फुगलेल्या असतात किंवा व्यायामशाळेत कोणीतरी सुचवलेली टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शने घेतलेली असतात. या इंजेक्शनांनी दंड भरतात, पण शुक्राणू तयार होणे थांबते. वीर्यतपासणी सर्वांत स्वस्त, सर्वांत सोपी आणि न दुखणारी. तरीही पत्नीच्या नळ्यांची तपासणी, दुर्बीण, दोन-तीन महिन्यांची औषधे असे सगळे झाल्यावर तिची पाळी येते. हा क्रम उलटा हवा. शुक्राणू तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात. म्हणजे सुधारणा करायची ठरवली तरी तिचे फळ दिसायला तेवढा काळ जातोच.

योग्य वेळी कारण सापडले तर यातल्या बऱ्याच जोडप्यांना साध्या उपचारांनीही मूल होते. थायरॉईड ताब्यात आणणे, वजन कमी करणे, बीज सुटण्याची औषधे, पिशवीतले चिकटलेले भाग सोडवणे यांसाठी लाखो रुपये लागत नाहीत. आयव्हीएफला २०२१च्या सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान कायद्यात आधीच्या मुलाची अट नाही. स्त्रीसाठी ५० आणि पुरुषासाठी ५५ ही वयोमर्यादा तेवढी आहे. अडचण खर्चाची आहे. गोव्याच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात २०२३मध्ये मोफत आयव्हीएफ सुरू झाले. अशी सोय देशात फारच थोड्या ठिकाणी आहे, बाकीचे जोडपे दागिने मोडते. पहिल्या मुलाच्या शिक्षणासाठी ठेवलेली रक्कम दुसऱ्या मुलाच्या तिसऱ्या आयव्हीएफला गेली, तर घरात जे होते ते कोणत्याही अहवालात नोंदले जात नाही.

यातूनच केव्हातरी दत्तकाचा विषय निघतो. तो निघतो शेवटी, सगळे उपाय थकल्यावर. इथे एक साधे गणित बहुतेकांना माहीत नसते. केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाच्या, म्हणजे ‘कारा’च्या २०२२च्या नियमांनुसार जोडप्याचे वय एकत्र मोजतात. दोन वर्षांपर्यंतचे मूल हवे असेल तर दोघांच्या वयाची बेरीज ८५पेक्षा जास्त चालत नाही. दोन ते चार वर्षांच्या मुलासाठी ती ९०, चार ते आठसाठी १०० आणि त्यापुढे ११०. ही बेरीज वर्षाला एकाने वाढत नाही, दोनाने वाढते. पत्नी ३७ची आणि पती ४२चा असेल तर आज बेरीज ७९ आहे. चार वर्षे उपचारांत घालवून नोंदणी केली तर ती ८७ होते आणि तान्ह्या बाळाचा गट हातून गेलेला असतो. आणखी दोन वर्षांनी ९१, म्हणजे थेट चार वर्षांपुढचे मूल. वय नोंदणीच्या दिवशीचे धरले जाते. त्यामुळे नोंदणीची तारीख बीजाच्या वयाइतकीच मोलाची ठरते.

त्यानंतर रांग. देशात ३५ हजारांहून अधिक इच्छुक पालक नोंदलेले आहेत आणि दत्तक देण्यास कायदेशीररीत्या मोकळी झालेली मुले त्या मानाने अगदी थोडी. २०२४-२५मध्ये देशात आणि परदेशात मिळून ४,५१५ मुले दत्तक गेली आणि तो गेल्या काही वर्षांतला उच्चांक होता. निरोगी, लहान बाळ हवे असेल तर प्रतीक्षा तीन ते साडेतीन वर्षांची आहे. पूर्वी पुण्यात ससूनच्या आवारातल्या ‘श्रीवत्स’सारख्या संस्थेत थेट जाऊन नाव देता येत असे. २०१५पासून नोंदणी केंद्रीय पोर्टलवर होते. कोणत्याही संस्थेच्या संचालकांना भेटून रांग पुढे सरकत नाही. थोडी मोठी मुले किंवा आरोग्याच्या विशेष गरजा असलेली मुले मात्र पालकांची वाट पाहत असतात. त्यातल्या काहींची गरज शस्त्रक्रियेने किंवा रोजच्या एका गोळीने भागणारी असते. बाळाचा वैद्यकीय अहवाल बालरोगतज्ज्ञाला दाखवला, तर ‘विशेष गरज’ या शब्दामागे नेमके काय आहे ते कळते. पोर्टलवर मूल राखून ठेवायला ४८ तास मिळतात, म्हणून असा डॉक्टर आधीच ठरवून ठेवलेला बरा.

एक मूल असलेल्या घरांना कायद्याची आणखी एक गुंतागुंत माहीत हवी. १९५६च्या हिंदू दत्तक कायद्यानुसार ज्यांना मुलगा आहे त्यांना मुलगा दत्तक घेता येत नाही, मुलगी असेल तर मुलगी घेता येत नाही. नात्यातले मूल घरच्या घरी, कागद करून दत्तक घेताना ही अट अनेकांना वकिलाकडे गेल्यावर समजते. २०१५च्या बाल न्याय कायद्याखाली, म्हणजे ‘कारा’च्या मार्गाने गेल्यास असे बंधन नाही. मुलीला बहीण मिळू शकते, मुलाला भाऊ. नात्यातले दत्तकही या मार्गाने करता येते. दोन किंवा अधिक मुले असलेल्या जोडप्याला मात्र नात्याबाहेरचे दत्तक घ्यायचे तर सहसा विशेष गरजा असलेल्या किंवा घर मिळायला अवघड जाणाऱ्या मुलांचाच विचार करता येतो. लग्नाला दोन वर्षे झालेली असावीत, दोघांची संमती असावी आणि दोघांपैकी कोणालाही जीवघेणा आजार नसावा, या अटी नात्याबाहेरचे दत्तक घेणाऱ्या सगळ्या जोडप्यांना सारख्या आहेत.

रांग लांब आहे म्हणून आडवाटा निघतात. एखाद्या प्रसूतिगृहातली आया किंवा दलाल ‘बाळ आहे, लगेच मिळेल’ असे सांगतो. मुलाची खरेदी-विक्री केल्यास पाच वर्षांपर्यंत कैद आहे, त्यात रुग्णालयातले लोक गुंतले असतील तर सात वर्षांपर्यंत. घेणाऱ्या जोडप्यावरही गुन्हा दाखल होतो आणि बाळ काढून घेतले जाते. अधिकृत शुल्क ठरलेले आहे, ते पोर्टलवर दिसते. त्यापलीकडे कोणी रुपया मागितला तर तिथून उठून यावे.

मग उपचार आणि नोंदणी एकाच वेळी करावी का? कायद्यात त्याला मनाई नाही. वयाची बेरीज आणि रांगेची लांबी पाहता, दत्तकाला मनापासून तयार असलेल्या जोडप्याने नाव आधी नोंदवलेले चांगले. पण ‘मनापासून’ या शब्दाला इथे वजन आहे. गृहभेटीला येणारी सामाजिक कार्यकर्ती दोघांशी वेगवेगळे बोलते. एकाचा होकार दुसऱ्याला खूश ठेवण्यासाठी दिलेला असेल तर तो तिथे उघडा पडतो, आणि पडायलाच हवा. बाळ घरी येईपर्यंत उपचार थांबलेले असावेत. इंजेक्शनांचे वेळापत्रक आणि नवे मूल एका घरात नीट नांदत नाहीत. ‘दत्तक घेतलं की आपोआप दिवस राहतात’ ही समजूत तर सोडूनच द्यावी. काही जोडप्यांना उपचार थांबवल्यावर मूल होते, पण दत्तक न घेतलेल्यांतही तितकेच होते. कोणत्याही बाळाला पायगुणासाठी घरात आणू नये.

या सगळ्यात ज्याला सर्वांत कमी विचारले जाते ते म्हणजे घरातले पहिले मूल. आईचे रडणे, दवाखान्याच्या फेऱ्या, ‘तुला भाऊ कधी येणार?’ हा पाहुण्यांचा प्रश्न ते ऐकत असते. आपण पुरेसे नाही म्हणून आईबाबांना दुसरे हवे आहे, असा अर्थ सात-आठ वर्षांचे मूल सहज लावते. नियमांनी निदान एवढे केले आहे, की घरातले मूल पाच वर्षांपेक्षा मोठे असेल तर त्याची संमती कागदपत्रांत लागते. तो कागद सही घेऊन जोडून टाकण्याचा नाही. त्याच्याशी महिनोन्महिने बोलावे लागते. येणारे मूल त्याच्यापेक्षा लहान असावे, असे समुपदेशक सहसा सुचवतात. आणि येणारे बाळ पहिल्या दिवशी हसत खेळत येईलच असे नाही, ते रात्री किंचाळेल, जेवण लपवून ठेवेल, हेही त्याला आधी सांगितलेले बरे.

मूल नसलेल्या घरात काही आईवडील दत्तकाची गोष्ट वर्षानुवर्षे लपवतात. एक मूल असलेल्या घरात ते जमतच नाही, कारण मोठ्या भावंडाने आईचे पोट वाढलेले पाहिलेले नसते. शाळेच्या बसमध्ये ते सांगणारच. म्हणून धाकट्याला त्याची गोष्ट आईवडिलांनी आधी, बोबड्या वयातच सांगायची असते, फोटो दाखवून, पुन्हा पुन्हा. दत्तकानंतर दोन वर्षे दर सहा महिन्यांनी संस्थेचे लोक पाठपुरावा करतात. त्या भेटीत धाकट्याचे वजन आणि लसीकरण पाहून झाले, की मोठ्यालाही बाजूला बसवून दोन प्रश्न विचारावेत.